मुलाच्या राज्याचे जवान मुलीच्या राज्यात

प्रश्न : मी कोल्हापुरात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. मुलगा टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो आणि आता तिथला नागरिक झाला आहे. मुलगी इलिनॉयमध्ये, शिकागोच्या एका उपनगरात असते. तिच्याकडे आणि जावयांकडे ग्रीन कार्ड आहे. गेल्या ऑक्टोबरात टेक्सासचे सैनिक इलिनॉयमध्ये उतरल्याची बातमी पाहिली आणि माझ्या पोटात गोळाच आला. राज्यपालच केंद्राविरुद्ध उभे राहतात म्हणजे आता देश फुटायचाच राहिला, असे आमच्याकडे सगळे म्हणतात. जानेवारीत मिनिआपोलिसमध्ये माणसे मारली गेली, तेव्हापासून तर ‘अमेरिकेत यादवी’ हेच शब्द रोज कानावर पडतात. त्यातच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघा भावंडांचे या विषयावरून कडाक्याचे भांडण झाले आणि त्यांचे बोलणे बंद आहे. जूनमध्ये मुलीचे बाळंतपण आहे आणि माझे तिकीट काढलेले आहे. यजमान म्हणतात, तू जाऊ नकोस, उलट मुलांनाच परत बोलाव. मी काय करावे?

उत्तर :

ताई, तिकीट रद्द करू नका आणि मुलांना परत बोलावण्याचा विषयही सध्या काढू नका. उत्तर आधीच सांगून टाकते, कारण पुढचे सारे विवेचन तुम्ही शांतपणे वाचावे अशी माझी इच्छा आहे. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या भीती एकत्र कालवल्या गेल्या आहेत. राज्ये आणि केंद्र यांच्यात युद्ध पेटेल ही पहिली, आणि रस्त्यावरच्या एखाद्या झटापटीत आपल्या माणसाला इजा होईल ही दुसरी. पहिलीला आज फारसा आधार नाही. दुसरीला आहे, पण तिच्यावर करण्यासारखे काहीतरी तुमच्या हातात आहे. भावंडांचे भांडण मात्र या दोन्हींपेक्षा निराळे आहे आणि खरे सांगायचे तर मला त्याचीच काळजी अधिक वाटते.

आधी राज्यपालांविषयी. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार नेमते. त्यामुळे तो केंद्राविरुद्ध उभा राहिला असे ऐकले की आकाश कोसळल्यासारखे वाटणे साहजिक आहे. अमेरिकेतला गव्हर्नर मात्र थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि त्याचे स्थान आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचे, किंबहुना त्याहून भक्कम असते. १९८० साली केंद्राने महाराष्ट्रातले शरद पवारांचे सरकार बरखास्त करून राष्ट्रपती राजवट लावली होती, ते तुम्हाला आठवत असेल. अमेरिकेच्या राज्यघटनेत असे कलमच नाही. तिथला राष्ट्राध्यक्ष कितीही संतापला तरी एखाद्या गव्हर्नरला घरी पाठवू शकत नाही, राज्याची विधानसभा विसर्जित करू शकत नाही आणि राज्याच्या पोलिसांना आपले हुकूमही सोडू शकत नाही. म्हणून तिथे राज्य आणि केंद्र यांचे भांडण उघड्यावर, मोठ्या आवाजात आणि वर्षानुवर्षे चालते. आपल्याकडे जे दिल्लीत बंद दाराआड मिटते किंवा दाबले जाते, ते तिथे पत्रकार परिषदेत आणि न्यायालयात चालते. आवाज मोठा असला म्हणजे घर पडतेच असे नाही.

आता ऑक्टोबरातल्या घटनेकडे वळू, कारण तिच्याविषयी तुमच्यापर्यंत अर्धीच हकिगत पोहोचलेली दिसते. प्रत्येक राज्याचे स्वतःचे नॅशनल गार्ड नावाचे दल असते. त्यातले बहुतेक जवान एरवी नोकरी-व्यवसाय करणारे नागरिक असतात आणि पूर, वादळ, दंगल अशा प्रसंगी गव्हर्नरच्या हुकमाने कामावर येतात. पण हे दल दोन धन्यांचे आहे. ठरावीक परिस्थितीत राष्ट्राध्यक्ष त्याला केंद्राच्या सेवेत ओढून घेऊ शकतो. परकीय आक्रमण झाले, बंड झाले किंवा नियमित बळाच्या आधारे कायद्याची अंमलबजावणी करणे अशक्य झाले, अशा अटी त्यासाठी कायद्यात घातलेल्या आहेत. जून २०२५ मध्ये स्थलांतरितांच्या धरपकडीविरुद्ध लॉस एंजेलिसमध्ये निदर्शने झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरचा विरोध असताना तिथल्या गार्डचे सुमारे ४,००० जवान ताब्यात घेतले आणि सोबत ७०० मरीन सैनिक पाठवले. गव्हर्नरने मागणी केलेली नसताना असे पाऊल १९६५ नंतर प्रथमच उचलले गेले होते. ऑक्टोबरात पाळी इलिनॉयची आली. या वेळी टेक्सासच्या गव्हर्नरच्या संमतीने तिथले सुमारे २०० जवान शिकागोजवळ आणले गेले, आणि तुम्ही टीव्हीवर पाहिले ते हेच.

त्यानंतर काय झाले ते फारसे दाखवले गेले नाही, कारण त्यात दाखवण्यासारखे काही नव्हते. इलिनॉयने दावा दाखल केला. ९ ऑक्टोबरला शिकागोच्या संघीय न्यायाधीशांनी तैनातीला तात्पुरती मनाई केली. अपील झाले, तेव्हा वरच्या न्यायालयाने जवान केंद्राच्या ताब्यात राहू दिले, परंतु त्यांना रस्त्यावर उतरवण्यास परवानगी दिली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २३ डिसेंबर २०२५ रोजी त्या न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारची मागणी फेटाळली. त्या सहांमध्ये खुद्द ट्रम्प यांनीच नेमलेल्या तिघा न्यायमूर्तींपैकी दोघे होते. वर्ष संपता संपता शिकागो, लॉस एंजेलिस आणि पोर्टलंड इथून गार्ड काढून घेत असल्याची घोषणा ट्रम्प यांनी केली. घोषणेची भाषा अर्थातच माघारीची नव्हती. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एकच बाब. स्थगितीचा कागद आला तेव्हा बंदूकधारी माणसे थांबली. ज्या देशात यादवी सुरू होते, तिथे नेमके हेच होत नाही.

तुमची दोन मुले कशावरून भांडली हे तुम्ही लिहिलेले नाही, तरी अंदाज करणे अवघड नाही. मुलाचे म्हणणे असेल की देशाचा कायदा सर्वांत वरचा आहे आणि इलिनॉय तो मोडते आहे. मुलीचे म्हणणे असेल की राज्याच्या इच्छेविरुद्ध सैनिक घुसवणे ही दंडेली आहे. त्यांना एकदा जानेवारी २०२४ मधल्या आपापल्या भूमिका आठवायला सांगा. तेव्हा राष्ट्राध्यक्ष बायडन होते. टेक्सासने मेक्सिकोच्या सीमेवर, रिओ ग्रांदे नदीच्या काठी असलेल्या ईगल पास या गावातले शेल्बी पार्क आपल्या गार्डच्या ताब्यात घेऊन केंद्राच्या सीमारक्षकांना तिथून जवळजवळ हुसकावून लावले होते. नदीकाठी राज्याने काटेरी तारा घातल्या होत्या. त्या केंद्राचे कर्मचारी कापू शकतात, असा अंतरिम आदेश २२ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. त्यावर दोनच दिवसांनी गव्हर्नर अ‍ॅबट यांनी जाहीर केले की राज्यावर आक्रमण होत आहे आणि स्वसंरक्षणाचा आपला घटनादत्त अधिकार केंद्राच्या कायद्यांच्याही वरचा आहे. पंचवीस रिपब्लिकन गव्हर्नरांनी त्यांना पाठिंबा दिला. त्या आठवड्यातही ‘दुसरी यादवी’ हेच मथळे होते. राज्याचे जवान आणि केंद्राचे रक्षक एकाच नदीकाठी शस्त्रे घेऊन उभे होते, तरी त्यांनी एकमेकांवर एकही गोळी झाडली नाही. टेक्सासने तारा वाढवल्या, वकिलांनी दावे वाढवले, आणि पुढच्या वर्षी आपल्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष येताच टेक्सासचे ते सारे भांडण विरून गेले.

म्हणजे २०२४ मध्ये राज्यांच्या हक्कांचा झेंडा टेक्सासच्या हाती होता आणि पावणेदोन वर्षांनी तोच झेंडा इलिनॉयने उचलला. तुमच्या मुलांनीही, माझी खात्री आहे, तेवढ्याच सहजतेने जागा बदलल्या असतील. याचा अर्थ ती दोघे ढोंगी आहेत असा मी करत नाही. माणसे बहुधा आधी एखाद्या गोष्टीला घाबरतात आणि मग त्या भीतीला साजेसे तत्त्व शोधतात. मुलाला सीमेवरच्या गोंधळाची भीती वाटली, मुलीला दारावर येणाऱ्या गणवेशाची. संघराज्याचे तत्त्व दोघांनीही आयत्या वेळी जवळ केले.

अमेरिकेत ही अदलाबदल फार जुनी आहे. गुलामगिरीचे समर्थन करणारी दक्षिणेतली राज्ये राज्यांच्या हक्कांचा उच्चार करत, हे आपण शाळेत शिकवतो. पण १८५० च्या कायद्याने पळून आलेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याची सक्ती झाली, तेव्हा राज्यांच्या हक्कांची भाषा उत्तरेतले विस्कॉन्सिन बोलू लागले आणि तिथल्या न्यायालयाने केंद्राचा कायदा घटनाबाह्य ठरवला. दक्षिणेतले पुढारी मात्र केंद्राचा कायदा कठोरपणे राबवा म्हणून हटून बसले. अलीकडचे उदाहरण तर अधिक गमतीचे आहे. आज इलिनॉयचे पोलीस स्थलांतरितांच्या धरपकडीत केंद्राला मदत करत नाहीत, आणि तसे करण्याची सक्ती केंद्र त्यांच्यावर करू शकत नाही. त्या संरक्षणाचा मोठा आधार म्हणजे १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल. तो मिळवला होता बंदूक-नियंत्रणाच्या कायद्याला विरोध करणाऱ्या दोन शेरीफांनी, म्हणजे तिथल्या जिल्हा पोलीस प्रमुखांनी, आणि लिहिला होता पुराणमतवादी न्यायमूर्ती स्कालिया यांनी. इलिनॉयमध्ये हे असहकार्य कायद्यात आणणाऱ्या २०१७ च्या विधेयकावर सही कोणाची होती, तर तेव्हाच्या रिपब्लिकन गव्हर्नरची. हे सारे तुमच्या मुलाला सांगा; आणि टेक्सासच्या दाव्यांनी राज्यांच्या हाती जी हत्यारे दिली, त्यांतली काही आज मुलीचे राज्य वापरते आहे, हे मुलीला सांगा.

तुम्ही शिक्षिका होता म्हणून आणखी थोडा इतिहास सांगण्याची परवानगी घेते, कारण ‘असे कधी झाले नव्हते’ हे वाक्य तुमची भीती सर्वाधिक वाढवते आहे. १८३२ च्या नोव्हेंबरात साउथ कॅरोलायनाने केंद्राची आयात-जकात आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवली, ती सक्तीने वसूल केल्यास देशातून फुटून निघण्याची धमकी दिली आणि स्वयंसेवकांची फौज उभारण्यास सुरुवात केली. राज्याच्या बाजूने उभ्या असलेल्या उपराष्ट्राध्यक्ष कॅल्हून यांनी पदाचा राजीनामा दिला. राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी हा देशद्रोह असल्याचे ठणकावले आणि बळाच्या वापराला परवानगी देणारा कायदा काँग्रेसकडून, म्हणजे तिथल्या संसदेकडून, मंजूर करून घेतला. त्याच सुमारास जकात हळूहळू कमी करणारी तडजोडही झाली. राज्याने आपला ठराव मागे घेतला खरा, पण ज्या बैठकीत तो मागे घेतला त्याच बैठकीत बळाचा तो कायदा रद्दबातल असल्याचा नवा ठराव केला, ज्याला आता काहीच अर्थ उरला नव्हता. पडलो तरी नाक वर, ही म्हण आपलीच असली तरी ही वृत्ती सर्वत्र सारखीच आहे, आणि राजकारणात तिचा एक उपयोगही असतो. हरलेल्याला नाक वर ठेवू दिले की पुष्कळदा रक्त सांडत नाही.

आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकची घटना मी तुम्हाला मुद्दाम सविस्तर सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला होता. सप्टेंबर १९५७ मध्ये तिथल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुले प्रवेश घेणार होती. गव्हर्नर फॉबस यांनी शांतता राखण्याच्या नावाखाली राज्याचे नॅशनल गार्ड शाळेभोवती उभे केले आणि त्या जवानांनी मुलांना आत जाऊ दिले नाही. शाळेबाहेर संतप्त जमाव जमत होता आणि आरडाओरडा, शिवीगाळ चालू होती. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर या विषयात फार उत्साही नव्हते. गव्हर्नरला भेटून, समजावून पाहण्यात त्यांचे तीन आठवडे गेले. शेवटी न्यायालयाचा आदेश पाळला जात नाही हे स्पष्ट झाल्यावर त्यांनी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सुमारे हजार सैनिक पाठवले आणि आर्कान्साचे संपूर्ण गार्ड केंद्राच्या सेवेत घेतले. २५ सप्टेंबरला ती नऊ मुले सैनिकांच्या पहाऱ्यात वर्गात गेली. ज्या गार्डने त्यांना अडवले होते, तेच गार्ड पुढे त्यांच्या संरक्षणासाठी शाळेत राहिले. त्या जवानांची मते रातोरात बदलली असतील असे कोणी मानत नाही. बदलला होता तो हुकूम देणारा, आणि त्यांनी हुकूम मानला. १९६२ ते १९६५ या काळातही, मिसिसिपीत आणि अलाबामात, गार्डने हेच केले. मिसिसिपी विद्यापीठात १९६२ साली एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून रात्रभर दंगल झाली, दोन माणसे मेली आणि दीडशेहून अधिक केंद्रीय मार्शल जखमी झाले. तेव्हाही राज्याची फौज केंद्रावर उलटली नाही.

याच घटनेची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझे बोलणे एकांगी होईल. लिटल रॉकला केंद्राची फौज एका न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी करण्यासाठी गेली होती. शिकागोत ती रस्त्यावर उतरवण्याचा निर्णय न्यायालयानेच अडवला. म्हणून ‘तेव्हाही सैनिक गेले होतेच की’ असे कोणी म्हटले तर ती तुलना अर्धीच खरी आहे, आणि तुमच्या मुलीचा संताप या फरकातून आलेला असेल तर तो अनाठायी नाही.

१८६१ मध्ये मात्र युद्ध झालेच, आणि त्यात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. तेव्हा काय वेगळे होते? जवळजवळ चाळीस लाख माणसांना मालमत्ता मानणारी अर्थव्यवस्था एका सलग भूभागात एकवटली होती, त्या भूभागातल्या अकरा राज्यांनी फुटून स्वतःचे सरकार आणि स्वतःचे सैन्य उभे केले, आणि रॉबर्ट ली यांच्यासारखे अधिकारी देशाच्या सैन्यातून राजीनामा देऊन आपापल्या राज्याच्या बाजूला गेले. नकाशावर रेघ ओढता येत होती. आज ती कुठे ओढणार? २०२४ च्या निवडणुकीत डेमोक्रॅट समजल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियात ट्रम्प यांना साठ लाखांहून अधिक मते मिळाली, आणि रिपब्लिकन टेक्सासमध्ये कमला हॅरिस यांना अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक. इलिनॉयमध्ये शिकागो ओलांडून दक्षिणेकडे निघालात की ट्रम्प यांचा पट्टा लागतो. टेक्सासमध्ये डॅलस, ऑस्टिन ही शहरे गव्हर्नरच्या विरोधात मत देतात. फूट राज्यांमधली नसून प्रत्येक राज्यातल्या शहर आणि खेड्यांमधली आहे, आणि तुमच्या बाबतीत तर एका व्हॉट्सॲप ग्रुपमधली.

याच कारणाने धोका नाही असे मात्र मी म्हणणार नाही. जो धोका आहे तो युद्धाचा नाही; विखुरलेल्या, अचानक उसळणाऱ्या हिंसेचा आहे. जुलै २०२४ मध्ये ट्रम्प यांच्यावर सभेत गोळी झाडली गेली. जून २०२५ मध्ये मिनेसोटाच्या एका डेमोक्रॅट लोकप्रतिनिधीची त्यांच्या पतीसह घरात हत्या झाली आणि सप्टेंबरात उजव्या विचारांचे प्रचारक चार्ली कर्क यांना युटा राज्यातल्या एका विद्यापीठात गोळी घालून मारण्यात आले. जानेवारी २०२६ मध्ये मिनिआपोलिसमध्ये स्थलांतरविरोधी मोहिमेवरच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या गोळ्यांनी दोन अमेरिकी नागरिक मेले, राज्याने केंद्रावर दावा लावला आणि राष्ट्राध्यक्षांनी १८०७ चा बंडाळीविषयक कायदा वापरण्याची धमकी दिली. हा कायदा लागू झाला तर सैन्याचा वापर करण्यावरचे बरेच निर्बंध बाजूला पडतात, म्हणून ती धमकी पोकळ समजून सोडून देण्यासारखी नव्हती. शिवाय १८६१ च्या युद्धाआधीही कॅन्ससमध्ये काही वर्षे अशाच तुरळक चकमकी आणि खून चालले होते, हे इतिहासाचा कोणताही अभ्यासक तुम्हाला सुनावेल. ते खरे आहे. त्यामुळे मी निर्धास्त नाही. फक्त कोणत्या गोष्टींवर डोळा ठेवायचा हे मी ठरवून ठेवले आहे.

केंद्राने किंवा राज्याने सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम आदेश उघडपणे धुडकावला आणि त्याचे काहीच झाले नाही, तर मी घाबरेन. एखाद्या राज्याच्या गार्डने केंद्राचा हुकूम नाकारून गव्हर्नरचा मानला, आणि त्याच गावात केंद्राचे सैन्यही उभे असले, तर मी त्याच दिवशी माझे मत बदलेन. आणि तिसरे म्हणजे या वर्षीच्या ३ नोव्हेंबरच्या निवडणुका. त्या दिवशी प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागांसाठी आणि छत्तीस राज्यांच्या गव्हर्नरपदांसाठी मतदान आहे. त्यांत टेक्सास आणि इलिनॉय दोन्ही येतात. अमेरिकेत आपल्यासारखा निवडणूक आयोग नाही. मतदान घेणे, मोजणे, निकाल प्रमाणित करणे हे सारे राज्ये करतात. मतपेट्यांच्या ताब्यावरून राज्य आणि केंद्र समोरासमोर आले तर ते आजवरच्या सगळ्या भांडणांहून गंभीर ठरेल. तुम्हाला बातम्या पाहायच्याच असतील तर या गोष्टींच्या पाहा. कोणत्या पुढाऱ्याने कोणाला काय म्हटले यात रोजची झोप घालवू नका.

बातम्यांवरून आठवले. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला होता. बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले, दोन मुख्यमंत्री एकमेकांना इशारे देत होते आणि दोन्ही राज्यांच्या एसटी काही काळ थांबल्या. वाहिन्यांवर ‘सीमा पेटली’ असे तांबड्या अक्षरांत येत होते. कोल्हापूर या सगळ्यापासून किती जवळ आहे हे मी तुम्हाला सांगायला नको, आणि तरी त्या आठवड्यात तुम्ही मंडईत गेलाच असाल. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला तो दावा खरा, त्या सीमाभागातल्या मराठी माणसाचे दुःखही खरे. पण डॅलसमध्ये बसून ती पट्टी वाचणाऱ्या तुमच्या मुलाला जे वाटले असेल, तेच आज उलट दिशेने तुम्हाला वाटते आहे. तेव्हा तुम्ही त्याला काय सांगितले होते ते आठवा. त्याच्या सांगण्यावरही तेवढाच विश्वास ठेवा.

आता जाण्याविषयी. तुमची मुलगी उपनगरात राहते, बाळंतपण रुग्णालयात होणार, आणि तुमचा बहुतेक वेळ घरात जाणार आहे. जिथे निदर्शने किंवा धरपकड चालू असेल तिथे कुतूहलानेही थांबायचे नाही आणि मोबाइलवर चित्रण करत उभे राहायचे नाही, एवढे पथ्य पाळा. अमेरिकेत अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने आपला नोंदणीचा पुरावा सोबत बाळगावा असा कायदा आहे. तो जुनाच आहे, पण पूर्वी कोणी फारसे विचारत नसे. मुलीने आणि जावयांनी ग्रीन कार्ड कपाटात ठेवू नये, जवळ बाळगावे. तुम्हाला किती दिवस राहता येईल हे व्हिसावरच्या तारखेवरून ठरत नाही, प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या आय-९४ नोंदीवरून ठरते. ती नोंद उतरल्यावर मुलीकडून काढून घ्या आणि पासपोर्टच्या प्रतीसह पर्समध्ये ठेवा. कोणी गणवेशधारी अधिकाऱ्याने विचारले तर कागद दाखवा, खोटे काही सांगू नका, समजले नाही तर समजले नाही असे सांगा. शिकागोतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा आणीबाणीचा क्रमांक यजमानांकडेही लिहून ठेवा. त्यांच्या हाती काहीतरी ठोस असले की त्यांचा विरोध बराच निवळेल. प्रवासातला आरोग्य विमा मात्र चांगला घ्या. या वयात राष्ट्राध्यक्षांपेक्षा रक्तदाब अधिक बेभरवशाचा असतो.

मुलांना परत बोलावण्याचे म्हणाल तर तो निर्णय त्यांच्या नोकऱ्या, त्यांची मुले आणि त्यांची घरे पाहून त्यांनीच घ्यायचा आहे. तुम्ही विचारलेत की ते नाही म्हणतील, आणि नाही म्हटल्याचे ओझे घेऊन राहतील. विचारायचेच असेल तर एवढेच विचारा की अचानक निघावे लागले तर कागदपत्रे आणि थोडे पैसे हाताशी आहेत का. तेवढी तयारी कोणत्याही देशात असावी.

भावंडांच्या भांडणात न्यायाधीश होऊ नका. कोण बरोबर हे तुम्ही ठरवलेत तर एकाला आई गमावल्यासारखे वाटेल. व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयाचे काहीही पुढे पाठवायचे नाही, हा नियम आधी स्वतःला लावा. तुमच्या पत्रावरून मला शंका येते की काही चित्रफिती तुमच्याकडूनच गेल्या असाव्यात. मग दोघांना वेगवेगळे फोन करून एकच प्रश्न विचारा. राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा असता आणि त्याने हेच तुझ्या राज्यात केले असते, तर तू काय म्हणाला असतास, काय म्हणाली असतीस? उत्तर लगेच मागू नका, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला कळवू नका.

डॅलसहून शिकागो विमानाने अडीच-तीन तासांवर आहे. बारशाचे आमंत्रण मुलाला मुलीनेच द्यावे, तुम्ही नव्हे; तिला तेवढे सुचवण्याचा अधिकार मात्र आईला आहे. मामाने यायचे असते हे कारण पुरेसे आहे, त्याला राजकारणाची जोड देऊ नका. तो आला तर पहिल्या जेवणाला बसताना टीव्ही बंद ठेवा. आणि तो नाही म्हणाला, तर तुमच्या परतीच्या तिकिटात डॅलसचा एक थांबा घालता येतो का ते आत्ताच एजंटला विचारून ठेवा, कारण जूनमध्ये ते तिकीट महाग पडेल.